क्युरीबाईंची जेली आणि आमच्या मावशीच्या वह्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक छोटीशी चौकट होती, मेरी क्युरीच्या वह्या पॅरिसमध्ये शिशाच्या पेट्यांत ठेवल्यात आणि अजून पंधराशे वर्षं त्यांना कोणी हात लावू शकणार नाही, वगैरे. तीच चौकट त्याच आठवड्यात आधी सोसायटीच्या ग्रुपवर आली, मग माहेरच्या ग्रुपवर, मग आमच्या रिटायर्ड स्टाफच्या ग्रुपवर, आणि प्रत्येक वेळी कवट्यांची संख्या वाढलेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं आता लिहायचंच. पत्र लांबणारे, कात्री लावायची तर लावा, पण जेलीचा भाग तेवढा ठेवा.

मी ३१ वर्षं मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्निशियन होते. म्हणजे सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधांच्या खोलीत, शिशाच्या विटांमागे उभं राहून डोस भरायचे, छातीवर किती किरण लागले ते मोजणारा टीएलडी बॅज, संध्याकाळी टेबलं-सिंक-दाराच्या मुठी पुसून त्या पुसणीवर मीटर धरायचं, त्याला आम्ही वाइप टेस्ट म्हणायचो. आमचं स्कॅनसाठीचं टेक्नेशियम सहा तासांत अर्धं होतं, थायरॉइडवाल्यांचं आयोडीन आठ दिवसांत. त्यामुळे 'हाफ लाइफ', म्हणजे अर्धायुष्य, हा शब्द माझ्या तोंडात दुधाच्या पिशवीइतका रोजचा, आणि तो कोणी चुकीचा वापरला की मला कसंतरीच होतं.

तर ते पंधराशे वर्षांचं. क्युरींच्या वह्यांवर जी धूळ बसलीय ती मुख्यतः रेडियमची, आणि या रेडियम-२२६ चं अर्धायुष्य साधारण १,६०० वर्षं. कोणीतरी सोळाशेतून शंभर वजा करून 'उरले पंधराशे' असं काढलेलं दिसतं, जसं काही औषधाच्या बाटलीवरची एक्स्पायरी डेटच. तसं नसतं हो. सोळाशे वर्षांनी ते अर्धं उरेल, बत्तीसशे वर्षांनी पाव, एक टक्क्यावर यायला साधारण साडेदहा हजार वर्षं लागतील. म्हणजे एका बाजूनं चौकट कमीच सांगत होती. आणि दुसऱ्या बाजूनं भलतीच भीती घालत होती, कारण हात लावता येत नाही हे खोटं आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हे कागद आहेत, ज्याला खरंच काम आहे तो ते बघू शकतो, फक्त आपल्या जबाबदारीवर बघतोय असं लिहून सही द्यावी लागते आणि काळजी घ्यावी लागते. यातले अल्फा कण तर साधा कागदही अडवतो, धोका आहे तो धूळ पोटात-छातीत जाण्याचा, आणि बंद पेटीत रेडॉन वायू साठतो त्याचा, थोडे गॅमा किरणही आहेत म्हणून ते शिसं. (गंमत म्हणजे हे रेडियम टप्प्याटप्प्यानं बदलत जाऊन शेवटी शिसंच होतं. म्हणजे पेटीही शिशाची आणि आतला ऐवजही तिकडेच निघालाय.) आमच्याकडे नवीन आलेल्या पोरी पहिल्या दिवशी बादलीलासुद्धा हात लावायच्या नाहीत आणि सहा महिन्यांनी हॉट लॅबच्या दारात उभ्या राहून डबा खायला निघायच्या, दोन्हीसाठी मी ओरडलेय. घाबरायचं किती याचंही माप असतं.

पण माझी खरी तक्रार ही नाहीये. इतके ग्रुप, इतके फॉरवर्ड, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की त्या वह्यांमध्ये लिहिलंय काय? सगळे आपले पेटीवर थांबले.

लिहिलंय ते असं. डिसेंबर १८९७ मध्ये बाईंनी ही वही सुरू केली, पदरात तीन महिन्यांची मुलगी, आणि जागा मिळाली ती नवरा पिएर शिकवायचा त्या शाळेतली एक ओलसर खोली. ६ फेब्रुवारी १८९८ ला आकड्यांच्या मध्येच खोलीचं तापमान टिपलंय, ६.२५ अंश, आणि पुढे उद्गारचिन्हांची ही लांब रांग. बाकी वाक्य नाही, कुरकुर नाही, नुसती उद्गारचिन्हं. जिच्या आकड्यांत दशांशाची चूक सापडायची नाही त्या बाईनं थंडीबद्दल काय वाटतं ते एवढ्यातच आटपलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या विभागातला एसी आठवला, पेशंट कुडकुडतायत आणि मशीनला मात्र गारवा हवाच, मीही रजिस्टरमध्ये कोपऱ्यात '१७!!' असं लिहून ठेवायचे, साहेबांनी एकदा विचारलं होतं हे काय आहे म्हणून.

थोड्याच दिवसांनी पिएर आपलं स्फटिकांचं काम बाजूला ठेवून तिच्या कामात आला आणि मग त्याच पानांवर दोन अक्षरं दिसायला लागतात, थोडं तिचं, थोडं त्याचं, परत तिचं. कोणाचं काय हे अक्षरावरूनच ओळखायचं. पुढे मोठ्या मुलीनं, इरेननं, नेमकं तेच काम केलं, आईनं लिहिलेल्या पिएरच्या चरित्राची नवी आवृत्ती १९५५ मध्ये निघाली त्याला तिनं या प्रयोगवह्यांचा अभ्यास जोडला. इरेन स्वतः नोबेलवाली, नवऱ्याबरोबर १९३५ चं रसायनशास्त्राचं मिळालेलं, पण मला दिसते ती अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपासची बाई, आईवडिलांच्या वह्या समोर घेऊन बसलेली, हे आईचं, हे बाबांचं असं लावत. पुढच्याच वर्षी ती ल्युकेमियानं गेली.

आता जेली. १८९८ च्या जुलैत या दोघांनी पोलोनियम जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात क्युरीबाईंनी घरातल्या पाककृतींच्या पुस्तकाच्या समासात गूजबेरीच्या जेलीची नोंद केली. आठ पौंड फळ, तितकीच साखर, दहा मिनिटं उकळी, मग बारीक चाळणीतून गाळलं, चौदा बरण्या झाल्या, चव उत्तम, पारदर्शक नाही पण छान धरली. बघा म्हणजे. वजन, वेळ, कृती, किती निघाली, आणि जे जमलं नाही तेही प्रामाणिकपणे, पारदर्शक नाही. प्रयोगवहीत आणि या समासात काडीचा फरक नाही. पिचब्लेंडचंही, म्हणजे रेडियम असतं त्या खनिजाचंही, हेच चाललं होतं की, ढीगभर घ्यायचं, उकळायचं, गाळायचं, शेवटी चिमूटभर उरतं ते मोजायचं. पुढे १९०२ पर्यंत काही टन मालातून हाती आलं ते जेमतेम ग्रॅमचा दहावा भाग शुद्ध रेडियम क्लोराइड. जेलीचा उतारा त्या मानानं फारच चांगला म्हणायचा.

मी ती करून बघितली, मे महिन्यात, करवंदांची. गूजबेरी इकडे कुठून आणणार, आणि करवंदं आंबट, पेक्टिनवाली, म्हटलं धरेल. अर्धा किलो करवंदं अर्धा किलो साखर. देठ काढताना चीक हाताला असा चिकटला की खोबरेल तेल लावून सोडवावा लागला, मग दहा मिनिटं उकळी मोबाइलवर टायमर लावून, चहाची गाळणी नको म्हणून पुरणाच्या चाळणीवर खरवडून गाळलं. दोन छोट्या बरण्या भरल्या. बाईंसारखीच, पारदर्शक नाही पण धरली, आणि रंग असा की नातीनं विचारलं आजी हे जांभळं औषध कोणाचंय. मी कॅलेंडरवर तारीख घालून तसं लिहून ठेवलं.

आणि इरेनची वही वेगळीच होती. कधी कितवा दात आला, वजन किती, काय खाल्लं. जुलैत ती रांगत होती आणि 'गोग्ली गोग्ली गो' म्हणत होती हे चक्क लिहून ठेवलंय. १५ ऑगस्टला सातवा दात, खाली डावीकडे, आणि आधाराशिवाय अर्धा मिनिट उभी राहते. नदीत आंघोळ घालतात, तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी रडायची थांबून पाण्यात हात मारून खेळली. १७ ऑक्टोबरला नीट चालायला लागली, रांगणं बंद. ५ जानेवारी १८९९, इरेनला पंधरा दात! या दोन तारखांच्या मध्ये एक तारीख येते, २६ डिसेंबर १८९८, त्या दिवशी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेडियमची बातमी सांगितली गेली. दातांच्या वहीत तिचा पत्ता नाही, कारण तिथे तिचं काय काम. जगाच्या पुस्तकात मात्र फक्त तीच तारीख आली. शाळेत आम्हालाही तेवढीच पाठ करायला लावली होती, बाईंनी पोर कोणाकडे ठेवलं होतं हे कोणी सांगितलं नाही. (सासऱ्यांकडे. पिएरचे वडील, स्वतः डॉक्टर, बायको गेल्यावर यांच्याकडे राहायला आले आणि आजोबांनी नातीला सांभाळलं. हे पाठ्यपुस्तकात घातलं असतं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना जास्त उपयोग झाला असता असं माझं मत.)

घरखर्चाच्या वह्याही होत्या, साहेबांचा खर्च, बाईसाहेबांचा खर्च असे वेगळे रकाने पाडून. हे सगळं आपल्याला कळलं ते धाकट्या मुलीमुळे, एव्हनं १९३७ मध्ये आईचं चरित्र लिहिलं तेव्हा या सगळ्या वह्या उघडल्या. घरात आई, वडील, बहीण, मेहुणा सगळे नोबेलवाले आणि ही एकटी पियानो वाजवणारी, लिहिणारी. ती १०२ वर्षं जगली, बाकी कोणी सत्तरीसुद्धा गाठली नाही. अशा घरात एक तरी माणूस असं लागतं जे म्हणेल की थांबा, ही किराणाची वही आहे, टाकू नका.

१९ एप्रिल १९०६ ला पिएर रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली आला. त्यानंतर बाईंनी एक रोजनिशी लिहिली, वर्षभर, मधून मधून, आणि ती लिहिली त्याला उद्देशून, तू गेलास, तू असं करायचास, अशी. तीही त्याच ग्रंथालयात आहे, खूप वर्षं वाचायला बंद होती, घरच्यांनी तशी अट घातलेली. त्याची नोकरी विद्यापीठानं हिला दिली आणि नोव्हेंबरात ती पहिल्या तासाला उभी राहिली तेव्हा वर्ग खचाखच, लोक रडायला तयार होऊन आलेले, आणि बाईंनी पिएरचं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढचं वाक्य सुरू केलं. लोकांना त्या दिवशी दिसलं ते एवढंच. आत काय चाललं होतं ते रोजनिशीत आहे. एकच बाई, एकच दिवस, आणि कागद दोन जातींचे. मला विचाराल तर एक ठेवून दुसरा टाकणाऱ्यानं दोन्ही टाकल्यासारखंच आहे.

आता कोणी म्हणेल, खासगी ते खासगी, लोकांनी का वाचावं. बरोबर आहे, आणि याची किंमत या घराइतकी कोणी मोजली नसेल. १९११ मध्ये पिएरचा जुना विद्यार्थी, लग्न झालेला शास्त्रज्ञ पॉल लाँजव्हँ आणि क्युरीबाई यांच्यातली पत्रं चोरीला गेली आणि नोव्हेंबरात एका पॅरिसच्या वृत्तपत्रात छापून आली, म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसांनी छापली, रागवू नका. परकी बाई, आमच्या माणसाचं घर मोडलं, घरासमोर गर्दी, पोरींना घेऊन दुसऱ्यांकडे राहायची वेळ. त्याच महिन्यात दुसरं नोबेल जाहीर झालेलं, आणि स्वीडनहून अऱ्हेनियससारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं कळवलं की तूर्त येऊ नका. बाईंनी कळवलं की बक्षीस रेडियम-पोलोनियमच्या शोधाचं आहे, माझ्या खासगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि डिसेंबरात गेल्या, १४ वर्षांच्या इरेनला घेऊन. असं सगळं भोगल्यावर बाईनं घरातला एकूणएक कागद चुलीत घातला असता तरी मी म्हटलं असतं ठीकच केलं. तरीही इतकं शिल्लक राहिलं. आणि चोरून छापणं वेगळं, घरच्यांनी विचार करून, काही काळ कुलूप लावून मग ग्रंथालयाला देणं वेगळं, हा फरक त्या लोकांनी नीट पाळला. पुढे इरेनची मुलगी एलेन आणि लाँजव्हँचा नातू मिशेल यांचं लग्न झालं, दोघंही अणुशास्त्रज्ञ. आपल्याकडे यावर मालिका काढली असती, पाचशे भागांची.

कागदाची किंमत बाईंना कळत होती याचं अजून एक. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना एक ग्रॅम रेडियम दिलं, एक लाख डॉलरचं, राष्ट्राध्यक्ष हार्डिंगच्या हस्ते. आदल्या रात्री बाईंनी देणगीचा कागद वाचला आणि म्हणाल्या हे चालणार नाही, हे रेडियम माझ्या नावावर नको, प्रयोगशाळेच्या नावावर पाहिजे, उद्या मी मेले तर मुलींची खासगी मालमत्ता होईल. लोक म्हणाले पुढच्या आठवड्यात बदलू. नाही, आत्ता. मग रात्री वकील शोधून आणला आणि कागद बदलला. मी आमच्या घरच्या वाटण्या बघितल्यात, त्यामुळे हा किस्सा मला नोबेलपेक्षा भारी वाटतो.

आपला या घराशी थोडा संबंधही आहे, कलकत्त्यात मेघनाद साहांनी अणुभौतिकीची संस्था काढली तिचं उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये याच इरेनबाईंनी केलं. सातवा दात खाली डावीकडे, ती. असो.

आता मावशीचं सांगते, म्हणजे मी एवढी का पेटलेय ते कळेल.

माझी मावशी ठाण्याला कॉलेजात बॉटनी शिकवायची, काका केमिस्ट्री, आणि मुलगा फिजिक्स करून अमेरिकेला गेला. क्युरी नव्हेत, कोणाला नोबेल बिबेल नाही, पण घरात बोलणं सगळं त्याच भाषेत, ताक जास्त आंबट झालं तर काका पीएच पेपर आणायचे. मावशीला रोज रात्री जेवणं आवरली की लिहायची सवय. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, दुकानदार खातेवही म्हणून वापरतात तसल्या वह्या, १९६८ पासूनच्या, अठरा-वीस तरी असतील. गच्चीवर कुंड्यांमध्ये वाल पेरायची, दर रविवारी किती उगवले, किती इंच, पाऊस किती, अबोलीला पहिलं फूल कधी. आणि त्याच पानावर दूध, धोबी, आणि कामाला येणाऱ्या सुमनबाईंचे खाडे. सुमनबाई हे नाव मी बदललंय, पण खाडे खरे आहेत. फुली म्हणजे खाडा, आणि फुलीशेजारी बारीक अक्षरात कारण, 'पाणी भरलं', 'मुलीचा ताप', 'गावी'.

मावशी २०१८ मध्ये गेली, काका आधीच गेले होते. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार, फ्लॅट रिकामा करायचा. मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ताई तुला काय हवं ते घे, बाकी देऊन टाक, मला इथून काय जमणार. त्याला तरी काय बोलू. मी एका संस्थेत फोन केला, नाव घेत नाही, ते म्हणाले छापील पुस्तकं असतील तर सांगा, हस्तलिखितांना जागा नाही. दुसरीकडे स्वतः दोन वह्या घेऊन गेले. तिथले गृहस्थ सज्जन होते, चहा पाजला, वाल आणि पावसाच्या नोंदी बघून म्हणाले वा, इतक्या वर्षांच्या सलग नोंदी, हे ठेवू आम्ही, पण एक करा, ते घरगुती हिशेब वगैरेची पानं काढून स्वच्छ करून आणा, म्हणजे कॅटलॉग करायला सोपं जाईल.

मी घरी येऊन खरंच कात्री घेऊन बसले हो. पण कापणार कसं, वालाची उंची पानाच्या डावीकडे आणि खाडे उजवीकडे, मागच्या बाजूला परत पाऊस. आणि वाचता वाचता लक्षात आलं, ज्या आठवड्यात पाऊस जास्त त्या आठवड्यात फुल्या जास्त, 'पाणी भरलं', 'पाणी भरलं', 'पाणी भरलं'. पावसाचा आकडा मावशीच्या गच्चीवरच्या डब्यातला होता आणि तो पाऊस कुठे शिरला ते उजवीकडच्या रकान्यात होतं. त्या सज्जन गृहस्थांना नेमका तो रकाना नको होता. मी कात्री ठेवली, म्हटलं परत जाऊन समजावून सांगू.

गेलेच नाही. नवऱ्याचं बायपास निघालं, दोन महिने हॉस्पिटल-घर-हॉस्पिटल, आणि तोवर फ्लॅटची चावी द्यायची तारीख आली. भावानं कोणाला तरी सांगून घर रिकामं करून घेतलं. मी पोचले तेव्हा जिन्याखाली काटा लावून रद्दी मोजून झाली होती, टेम्पो गेलेला, आणि वॉचमननं चौदा रुपये किलोनं जे काय आले ते पैसे इमानदारीत माझ्या हातावर ठेवले. माझ्याकडे राहिल्या त्या दोन वह्या, ज्या मी दाखवायला नेल्या होत्या. चूक कोणाची म्हणाल तर माझी, इतरांचं नंतर बघू.

म्हणून तुमची ती चौकट वाचून वाईट वाटलं. लोकांना वाटतं क्युरींच्या वह्या ठेवल्या कारण त्या किरणोत्सारी आहेत. अहो किरणोत्सारी होत्या म्हणून नव्हे, तशा असूनही ठेवल्या. फेकून द्यायला इतकं चांगलं कारण दुसऱ्या कोणत्या घराकडे होतं? आमच्याकडे तर नुसती झुरळं आणि थोडी वाळवी.

आणि एक दुरुस्ती राहिली, त्याच चौकटीत शेवटी होतं की रेडियमनं क्युरीबाईंचा जीव घेतला. १९३४ मध्ये त्या गेल्या त्या रक्ताच्या आजारानं, अप्लास्टिक अॅनिमियानं, आणि किरणांमुळेच हे खरं. पण १९९५ मध्ये पँथेऑनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोरांच्या समाधिस्थळात, हलवायला शवपेटी उघडली तेव्हा रेडियमचं प्रमाण अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं, म्हणून तज्ज्ञांचा कल असा की पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे एक्स-रे काढत त्या आणि इरेन आघाडीवर फिरल्या, आडोसा नाही काही नाही, त्यानं जास्त नुकसान केलं असावं. एक्स-रेवाल्या माझ्या मैत्रिणींना हे मी नेहमी सांगते, आम्हा रेडिओआयसोटोपवाल्यांना उगाच नावं ठेवतात.

तर विनंती दोन. एक, पुढच्या रविवारी निदान हाफ लाइफचं तेवढं नीट छापा, पेटीबरोबर पेटीतलंही दोन ओळी छापा, जेली छापलीत तर फारच उत्तम. दुसरी जरा स्वार्थाची आहे. मे २०१९ मध्ये ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला कोणी रद्दीतून लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वह्या घेतल्या असतील, कोरी पानं शिल्लक आहेत म्हणून पोरांच्या रफवर्कला वगैरे, तर त्या कृपा करून तुमच्या कार्यालयात आणून द्याव्यात असं आवाहन छापाल का. ओळख अशी की पहिल्या पानावर हिरव्या शाईत साल लिहिलंय आणि आतमध्ये उजवीकडे फुल्या आहेत. पोरांनी त्यावर गणितं केली असतील तरी चालेल, फाडू नका, तशाच द्या.

आपली,
एक निवृत्त टेक्निशियन, मुलुंड

ता.क. माझ्याकडच्या दोन वह्या १९७४ आणि १९८३ च्या आहेत. मधल्या नऊ वर्षांत सुमनबाईंच्या मुलीचं लग्न झालेलं दिसतं, कारण ८३ मध्ये 'मुलीचा ताप' कुठेच नाही, 'मुलीकडे गेली' आहे, आणि 'पाणी भरलं' तसंच आहे.